बुधवारचा वर्ग आणि गयाबाईची तेरवी

शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं एसटीच्या पाट्या वाचून जमवली. त्यामुळे मेडशी, मालेगाव, वाशीम, अकोला हे शब्द माझ्या हातून कधी चुकत नाहीत. बाकीचे चुकले तर सांभाळून घ्या.

मेडशीच्या अलीकडे एक फाटा लागतो, तिथून आत आमचं गाव. गावातल्या समाजमंदिराची किल्ली माझ्याकडं असते. काम काही जड नाही. दार उघडायचं, झाडून काढायचं, सतरंजी टाकायची, माठ भरून ठेवायचा. दर बुधवारी तिथं बायांचा वर्ग भरतो. घरखर्च कसा चालवावा, कष्टाचा पैसा कसा राखावा, हे शिकवायला वाशीमहून शीतल मॅडम येतात. मला मागून कुलूप लावायचं असतं, म्हणून मी दाराशी बसून राहतो. आता दाराशी बसलेल्या माणसाच्या कानाला काही झाकण नसतं!

ऐकलेलं साचत जातं. सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसकट, साचतं ना, तसंच. हातात घेतलं तर वजन नाही, पण बघता बघता खोली भरते आणि माणसाला बसायला जागा उरत नाही. म्हणून आज थोडं तुमच्या अंगणात आणून टाकतो.

*

पहिल्याच बुधवारी मॅडमनी विचारलं, "आपण घरातले पैसे कुठं ठेवतो? सांगा बरं एकेक जण."

सगळ्या सतरंजीकडं बघत बसल्या. मॅडमना वाटलं, बाया लाजतात. म्हणाल्या, "अहो, लाजायचं काय? इथं सगळ्या आपल्याच आहेत."

तेव्हा संगीता उठली. ही आमच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. पोरं घंटेला भीत नाहीत तितकी तिच्या आवाजाला भितात. म्हणाली, "मॅडम, साऱ्या आपल्याच हायेत, हाच तं वांधा हाये! माही सासू इथं बसली, ननंद तिथं बसली, शेजारीन मागं बसली. आत्ता सांगतलं तं घरी जाऊन पयले जागा बदलवा लागन!"

मॅडम आधी हसल्या, मग म्हणाल्या, "बरं, मी माझं सांगते. मी बेसनाच्या डब्यात ठेवते."

वर्ग सुटला. संगीताची सासू हळूहळू चालत दाराशी आली, मॅडमच्या कानाशी लागली. "बाई, तुमच्या घरी भजे कोन करते वो?"

"आमच्या सासूबाई करतात."

"मंग त्याईले सारं ठाऊक हाये!"

मॅडम एक पाय पायरीवर, एक पाय चपलेत, तशाच उभ्या राहिल्या. हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी त्यांनी येऊन आपणहून सांगितलं. "विचारलं मी. लग्न झाल्यापासून त्यांना माहीत होतं. एवढंच नाही, महिन्याच्या शेवटी डबा रिकामा दिसला की त्याच गुपचूप त्यात पैसे टाकायच्या!"

त्या दिवशी शिकवणं उशिरा सुरू झालं. बऱ्याच जणी डोळे पुसत होत्या, आणि संगीता आपल्या सासूकडं टक लावून बघत होती.

*

एकदा मॅडमनी विचारलं, "तुमच्यापैकी काम कोण कोण करतं? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

आता सांगतो, दिवस सोंगणीचे होते. सगळ्या थेट वावरातून आल्या होत्या. कपाळावर धूळ, केसात सोयाबीनचा पाला, आणि कोपऱ्यात विळ्यांचा ढीग. तो ढीग मीच नीट लावून ठेवला होता, कोणाच्या पायाला लागू नये म्हणून.

मॅडम गयाबाईजवळ गेल्या. गयाबाई वर्गात सगळ्यात वयस्क. माझ्याहून मोठी, पण निंदणाच्या ओळीत तरण्या पोरी तिच्या मागं पडतात. "आजी, तुम्ही काम नाही करत?"

"नाई वो बाई. घरीच असतो."

"आज दिवसभर घरी होता?"

"आज वावरात होती."

"काल?"

"काल बी वावरातच. पन ते काय काम हाये? काम म्हंजे ड्युटी. खुर्ची लागते, पंखा लागते, पगार लागते."

मॅडमनी मग दिवसभराचं सगळं बोलायला लावलं. पहाटे चूल, पाणी, शेण, भाकरी, वावर, परत चूल. सांगता सांगता बायांनाच धाप लागली. मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही हे सगळं बंद केलं, तर काय होईल?"

मग गयाबाईच म्हणाली, "मंग पुढच्या बुधवारी आमच्या जागी आमचे मानसं येऊन बसतीन, मॅडम. शिकाची गरज त्याईलेच पडन!"

मॅडमनी परत विचारलं, "तर मग, काम कोण कोण करतं?"

हात वर झाले. दोन्ही दोन्ही हात वर केले कित्येकींनी! मी आजवर त्या खोलीत पुढाऱ्यांच्या सभा पाहिल्या, पण असे हात कधी पाहिले नाहीत.

*

गरज आणि हौस यांचा धडा मात्र मॅडमना जरा जड गेला.

त्यांनी दोन रिकामे डबे आणले. एक गरजेचा, एक हौसेचा. सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठ्यांवर चित्रं काढलेली. चित्र बघायचं आणि ज्या त्या डब्यात टाकायचं. तेल, मीठ, औषध पटापट गरजेत गेलं. चहापत्ती गरजेत टाकताना कोणी विचारसुद्धा केला नाही.

बांगड्यांची चिठ्ठी निघाली. मॅडमनी ती हौसेच्या डब्याकडं नेली, तशी नंदानं त्यांचा हात धरला. नंदा टोपली घेऊन भाजी विकते, आठवडी बाजारातही बसते.

"मॅडम, गरज!"

"बांगड्या गरज कशा?"

"माहे हात मोकळे दिसले ना, तं गिऱ्हाईक भाजी घ्याचं सोडून 'काय झालं वो, कसं झालं वो' करत बसते. तेवढ्यात माहे दोन गिऱ्हाईक पुढं निघून जातात. बांगड्या म्हंजे माह्या दुकानाची पाटी हाये!"

मॅडमनी चिठ्ठी गरजेत टाकली. दुसऱ्या एकीनं ती काढून परत हौसेत टाकली. त्यावरून जो गोंधळ उठला, तो शांत व्हायला मला मध्येच पाणी वाटावं लागलं.

शेवटची चिठ्ठी खर्ऱ्याची निघाली. सुपारी-तंबाखूची पुडी काढली होती हुबेहूब. संगीता ओरडली, "ही माह्या घरातली चिठ्ठी हाये!" कोणी म्हणे हौस. कोणी म्हणे, "हौस कायची, नाई भेटला तं घर डोक्यावर घेते, म्हंजे गरजच झाली ना!" निकाल लागेना. तेव्हा मॅडम माझ्याकडं वळल्या. "काका, इथं तुम्ही एकटेच पुरुष आहात. तुम्हीच सांगा."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी काहीच बोललो नाही.

बोलता येत नव्हतं. तोंडात खर्राच होता!

*

याच नंदानं पुढं फोनवरून पैसे घ्यायचं शिकून घेतलं. मॅडमनी वर्गातच एकेकीच्या हातात फोन देऊन सराव करवला होता. नंदाच्या टोपलीला आता काळ्या चौकटींचा तो कागद लटकतो, आणि शेजारी एक बोलणारा डबा. पैसे आले की डबा मोठ्यानं सांगतो.

मेडशीला एक गिऱ्हाईक तिला फोन दाखवून म्हणालं, "हे पाय, टाकले पैसे." डबा गप्प. नंदा म्हणाली, "भाऊ, डबा बोलला तं वांगे तुमचे. नाई बोलला तं माहे." ते गिऱ्हाईक ऊन खात उभं राहिलं. डबा बोलला तेव्हाच पिशवी हलली!

पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मॅडमनी वर्गात विचारलं, "नंदाताई, या डब्यानं तुमचा सगळ्यात मोठा फायदा काय झाला?"

नंदा पदर तोंडाला लावून हसली. "आमचे हे येता-जाता माह्या गल्ल्यात हात घालत होते. आता गल्ल्यात पैसे नाईत, डब्यात आवाज हाये. आवाजाले हात कसा घालतीन?"

*

आता गयाबाईचं सांगतो. यापुढचं बहुतेक सगळं तिचंच आहे.

त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "पुढं कशासाठी पैसे साठवायचे, ते ठरवू या. प्रत्येकीनं आपलं एक ध्येय सांगा."

संगीता म्हणाली, नवी शेगडी. नंदा म्हणाली, चाकाची गाडी, डोक्यावरची टोपली गेली पाहिजे. कोणी पोराची सायकल, कोणी छपराचे टिन. गयाबाईची पाळी आली.

"तेरवी," ती म्हणाली.

"कोणाची आजी?"

"कोनाची म्हंजे? माही!"

वर्ग हसला. गयाबाई हसली नाही, म्हणून वर्ग गप्प झाला.

तिनं सांगितलं ते असं. तिची सासू वारली, तेव्हा भावकीनं ठरवलं की तेराव्या दिवशी पाच गावं जेवली पाहिजेत. घरात दुभती म्हैस एकच. तिच्या नवऱ्यानं ती विकली. "तेरवी झाली. लोक जेवले, बुंदी चांगली झाली म्हनले, गेले. दुसऱ्या दिवशी पहाटं मी उठली, चरवी घेतली अन् गोठ्यात गेली. सवयीनं. खुट्यापाशी गेल्यावर ध्यानात आलं. मंग बसली तिथंच."

जरा थांबून म्हणाली, "आता माह्या पोराजवळ, विलासजवळ म्हैस हाये. तिच्या दुधावर त्याचं घर चालते. उद्या मी मेली तं भावकी त्याले सोडन का? माह्यापायी तो खुटा रिकामा होऊ नाई, एवढंच हाये माहं ध्येय. तेरवीचे पैसे मीच ठेवून जाईन."

मला वाटलं, आता मॅडम समजावतील. तेरवीचा खर्च कसा वायफळ, वगैरे. शिकलेली माणसं म्हणतात तसं, आणि खोटंही म्हणत नाहीत. पण मॅडमनी खडू उचलला, फळ्याशी गेल्या आणि विचारलं, "आजी, जेवणात काय काय ठेवायचं?"

अशी शिकवणारी मी दुसरी पाहिली नाही.

मग काय! सगळा वर्ग गयाबाईच्या तेरवीला लागला. वरण, पोळ्या, वांग्याची भाजी, बुंदी. किती माणसाला किती पीठ, ते संगीताला पाठच. म्हणाली, "सयपाक मी करीन आजी, मजुरी नाई घेत."

"घे वो. नाई घेतली तं पुढच्या घरी फुकट राबवतीन तुले."

नंदा म्हणाली, "वांगे मी घाऊक भावात देईन. पन आजी, हंगाम पाहून मरजा बरं. उन्हाळ्यात वांगे महाग रायतात!"

गयाबाईनं थोडा विचार केला. "मंग दिवाळीच्या नंतर मरतो."

हसून हसून बायांच्या डोळ्यात पाणी आलं. मॅडमना तर फळ्याला टेकून उभं राहावं लागलं. वर्ग संपताना त्यांनी एक गोष्ट सगळ्यांकडून म्हणवून घेतली: ज्या कामाचा डबा, त्याच कामाला पैसा. एका डब्यातला पैसा दुसऱ्यात गेला की दोन्ही डबे रिकामे होतात. गयाबाईनं हे असं धरलं, की निंदताना सुद्धा पुटपुटायची म्हणे!

*

तेरवीचं खातं उघडायला मॅडम तिला मेडशीला घेऊन गेल्या. सोबत मीही गेलो, मला चष्म्याची काडी बसवून घ्यायची होती. मशीनवर बोट ठेवून खातं काढून देतात, असं एक दुकान आहे. तिथं एक पोरगेला साहेब बसला होता.

"आजी, खातं कशासाठी पाहिजे?"

"मेल्यावर लागन म्हनून."

"म्हणजे वारसासाठी?"

"नाई. जेवनासाठी!"

तो मॅडमच्या तोंडाकडं बघायला लागला.

पुढं खरी अडचण आली. गयाबाईनं मशीनवर अंगठा ठेवला. मशीन नाही म्हणालं. दुसरा अंगठा. नाही. मधलं बोट, पहिलं बोट, फडक्यानं पुसून, पाण्यानं धुऊन, सगळं करून झालं. तो म्हणाला, "आजी, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत. घासून गेल्यात. मशीन ओळखत नाही तुम्हाला."

"बोटं घासले असतीन बाबू. पन मी तं पुरी हावो ना इथं?"

मॅडमनी तिचे हात आपल्या हातात घेतले, उलटे-पालटे करून पाहिले. जन्मभर खुरपं आणि विळा धरलेले हात ते. मग डाव्या हाताची करंगळी धरली आणि अलगद मशीनवर ठेवली.

हिरवा दिवा लागला!

गयाबाईनं ती करंगळी डोळ्यासमोर धरली. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "पाय बाप्पा! साऱ्या बोटाईत हेच एक बिनकामाचं, अन् सरकार यालेच ओळखते!"

*

पुरुषांनाही एकदा बोलावलं होतं वर्गाला. मॅडमचीच कल्पना. बाया बाहेर ओट्यावर बसल्या, खिडक्यांतून आत बघत.

पहिल्या ओळीत किसनराव. हे गयाबाईचे चुलत दीर आणि भावकीतले वडीलधारे. गावात कोणाच्या तेरवीला किती पंगती उठल्या आणि कोणाचं वरण पातळ होतं, हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी 'झाली' म्हटलं तरच तेरवी झाली. नाहीतर मेलेल्याचा पोरगा दहा वर्षं टोमणे खातो.

मॅडमनी विचारलं, "तुमच्या घरी महिन्याला तेल किती लागतं?"

एकजण म्हणाला, अर्धा लिटर. दुसरा म्हणाला, दोन पिपे. खिडकीतून संगीताचा आवाज आला, "सोयाबीन किती झालं ते इचारा मॅडम, पावशेरापर्यंत सांगतीन!"

मग मॅडम किसनरावांकडं वळल्या. "दादा, तुमच्या घरी मीठ किती दिवस पुरतं?"

किसनरावांनी टोपी सारखी केली. त्यांनी खरंच आठवून पाहिलं, ते मला दिसत होतं. म्हणाले, "मॅडम, खोटं कायले बोलू. आमच्या घरचं मीठ कधी संपतच नाई."

पुरुष हसले. ओट्यावर मात्र सगळं शांत झालं. मग खिडकीतून गयाबाई अगदी हळू बोलली, "भाऊजी, ते संपत नाई असं नाई. तुमाले संपलेलं दिसू देत नाईत."

किसनरावांनी वळून पाहिलं. खिडकीत गयाबाईच्या शेजारी त्यांची स्वतःची बायको बसली होती. ती दुसरीकडं बघत होती.

त्यानंतर त्या वर्गात एकही पुरुष हसला नाही, आणि उठूनही गेला नाही.

*

आता शेवटचं.

विलासची पोरगी पूजा बारावी झाली आणि तिचा नर्सिंगला नंबर लागला, अकोल्याला. घरात पेढे आले. दुसऱ्या दिवशी व्यापारीही आला, म्हैस बघायला. विलासनं फीच्या पैशासाठी, कोणाला न विचारता बोलावलेला. व्यापाऱ्यानं म्हशीचे दात पाहिले, कास पाहिली, परत येतो म्हणून गेला.

त्या बुधवारी गयाबाई सगळ्यात आधी आली. मी अजून झाडतच होतो. मॅडम आल्या तशी तिनं विचारलं, "बाई, एका डब्याचा पैसा दुसऱ्या कामाले लावला तं चालते का?"

व्यापाऱ्याची गोष्ट गावभर झाली होती, मॅडमनाही फाट्यावरच कळली होती. त्या जवळ बसल्या. "चालतं, आजी. ध्येय बदलता येतं. तेरवीच्या पैशातून पूजाची फी भरा. तेरवी राहू द्या."

"अन् मी मेली मंग? भावकी विलासच्या दारात बसन. आज वाचलेली म्हैस तवा जाईन. मंग मी वाचवलं काय?"

मॅडम म्हणाल्या, "याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आजी."

एवढं शिकलेलं माणूस असं सरळ म्हणतं, तेव्हा मला त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

गयाबाई सतरंजीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. बाकी बाया आल्या, बसल्या. अखेर तिनं दोरा तोडला. "ज्या कामाचा डबा, त्याच कामाले पैसा. तुमीच सांगतलं ना?"

"हो."

"मंग तेरवीच करतो."

दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार आमंत्रण देत फिरली. "येत्या बुधवारी चार वाजता समाजमंदिरात माही तेरवी हाये. या जेवाले." एका घरी तर भिऊन दारच लावून घेतलं! एकीनं विचारलं, "आजी, बरं वाटते ना तुमाले?"

"बरं वाटते म्हनून तं करून राह्यली. नाई वाटल्यावर कशी करीन?"

विलास रडकुंडीला आला. "माय, काहून असं करतं? माही इज्जत जाईन गावात."

"म्हैस मी पायतो. इज्जत तू पाय."

बुधवारी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. सारी भावकी आली होती. काही रागानं आलेले, काही मजा बघायला. किसनराव पहिल्या ओळीत, भिंतीला पाठ लावून, तोंड घट्ट मिटून. मॅडम बायांमध्ये मागं बसल्या होत्या. विलास आत आलाच नाही, दाराबाहेर माझ्याजवळ मान खाली घालून उभा.

संगीतानं एक पातेलं आणून ठेवलं. एकच. त्यात शिरा होता. गयाबाईनं पदर खोचला आणि स्वतःच्या हातानं वाढायला सुरुवात केली. प्रत्येकाच्या समोर एक पळसाचा द्रोण, द्रोणात एक चमचा शिरा. बस! मागून कोणीतरी म्हणालं, "एवढाच?" पण त्याला दुजोरा कोणी दिला नाही.

वाढून झालं. गयाबाई मधोमध उभी राहिली. मला वाटलं होतं आवाज कापेल. नाही कापला.

"पंचहो, माह्या तेरवीच्या पैशात आज सकाळी पूजाची फी भरली. जे उरलं त्याचा हा शिरा केला. बुंदी नाई, वांग्याची भाजी नाई. ही पोट्टी शिकून आली म्हंजे गावातल्या साऱ्याईले सुई देईन, औषध देईन, तेच वरन-पोळी समजा. तुमी आले, बसले, मी वाढलं. आता माही तेरवी झाली का नाई झाली, ते मले सांगा. मी जित्ती हावो तवरच सांगा. मागून माह्या पोराले सांगू नोका."

एवढं म्हणून ती तिथंच उभी राहिली, चमचा हातात धरून.

एकेक डोकं किसनरावांकडं वळलं. गयाबाईही त्यांच्याकडंच बघत होती. माझ्या शेजारी विलासनं चौकट घट्ट धरली होती.

किसनरावांनी द्रोण उचलला. शिरा खाल्ला. घाई नाही, बोलणं नाही. द्रोणाला चिकटलेला कण बोटानं निपटून तोही खाल्ला. मग माझ्याकडं बघून हात पुढं केला. मी धडपडत जाऊन पाण्याचा गिलास दिला. त्यांनी तो तोंडाला न लावता, वरून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. गिलास खाली ठेवला. टोपी काढून मांडीवर ठेवली, पोटावरून हात फिरवला, डोळे मिटले, आणि असा मोठा, असा लांब ढेकर दिला, की मागच्या ओळीतलं लेकरू दचकून जागं झालं.

मग त्यांच्या शेजारच्यानं दिला. मग त्याच्या शेजारच्यानं. मग सगळी भावकी ढेकर देत उठली.